त्रिकूट जमलं तरच गाडी पळेल!

दोस्तांनो, गेल्या मे महिन्यात आमचे भाचेबुवा सुट्टीला आले, ते रिमोटची गाडी काखोटीला मारूनच. गच्चीवर गाडी झकास पळायची. पण साहेबांना हवा होता आणखी वेग! वर्षभर साठवलेल्या खाऊच्या पैशांतून त्यांनी दोन सेलऐवजी तीन सेलची बॅटरी आणली, जोडली आणि खटका दाबला. गाडी सुसाट सुटली खरी, पण तिसऱ्या फेरीलाच जळका वास आला. स्पीड कंट्रोलर गेला! भाचेबुवांचं तोंड बघवत नव्हतं.

चुकलं कुठे? बॅटरी चांगली होती, कंट्रोलरही चांगला होता. पण त्यांचं एकमेकांशी जमणारं नव्हतं.

गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. टाकी जितकी उंच, तितका पाण्याला जोर जास्त. हा जोर म्हणजे व्होल्ट. नळातून दर सेकंदाला वाहणारं पाणी म्हणजे अँपिअर. टाकीत मावणारं एकूण पाणी म्हणजे बॅटरीवर लिहिलेले मिलिअँपिअर-तास. बॅटरी ही टाकी, कंट्रोलर हा नळ आणि मोटर म्हणजे धारेवर फिरणारं चाक.

लिथियम-पॉलिमर बॅटरीचा एक सेल ३.७ व्होल्टचा. दोन सेलचे ७.४ आणि तीनचे ११.१. म्हणजे व्होल्ट दीडपट झाले. आता ब्रशलेस मोटरवरचा 'केव्ही' हा आकडा पाहा. किलोव्होल्ट नव्हे हं! मोकळी फिरताना मोटर एका व्होल्टला मिनिटाला किती फेरे घेईल, ते तो सांगतो. ३००० केव्हीची मोटर ७.४ व्होल्टवर २२,२०० फेरे घेते, तर ११.१ व्होल्टवर ३३,३००. पण गाडी जागेवरून सुटताना मोटर प्रवाहही दीडपट ओढू पाहते, आणि तारांतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दीड गुणिले दीड किती? सव्वादोन! कंट्रोलर बिचारा किती सोसणार?

"मग जास्त मिलिअँपिअर-तासांची बॅटरी लावली तरी मोटर जळेल का?" नाही. टाकी ऐसपैस असली म्हणून नळाची धार वाढत नाही. मोटर तिला लागेल तेवढाच प्रवाह घेते. गाडी जास्त वेळ पळते, एवढंच.

तेव्हा एक नियम पाठ करून टाका: व्होल्ट जुळते हवेत, अँपिअर वरचढ हवेत. कंट्रोलरवर आणि मोटरवर किती सेल चालतात ते दिलेलं असतं. भाच्याच्या कंट्रोलरवरही 'दोन सेल' असं छापलेलं होतं, पण वाचलं कोणी? मोटर ४० अँपिअर ओढणार असेल तर कंट्रोलर ६० चा घ्या. बॅटरीचं गणितही सोपं आहे. ५००० मिलिअँपिअर-तास म्हणजे ५ अँपिअर-तास. वर '२० सी' लिहिलं असेल तर ५ × २० = १०० अँपिअर. मात्र हा आकडा बऱ्याचदा फुगवलेला असतो, म्हणून थोडं हातचं राखूनच चाला.

नवी जोडणी केलीत की गाडी तीन-चार मिनिटं पळवा, मग बॅटरी काढून मोटरजवळ हळूच बोट न्या. चटका बसेल इतकी धग लागली, तर मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, कमी दात्यांचं बसवा. वेग थोडा उतरेल, पण मोटरवरचा भार हलका होईल.

आणि हो, लिथियम बॅटरी तिच्याच चार्जरवर आणि घरातल्या मोठ्या माणसांच्या देखतच चार्ज करा. फुगलेली बॅटरी वापरायचीच नाही. ती पेट घेऊ शकते.

आता एक कोडं. बॅटरी दोन सेलची, ४००० मिलिअँपिअर-तास, २५ सी. कंट्रोलर ६० अँपिअरचा, तीन सेलपर्यंत चालणारा. मोटर ४५ अँपिअर ओढणारी, पण दोनच सेलची. हे त्रिकूट जमेल का? आणि तीन सेलची बॅटरी लावली, तर आधी कोण कुरकुरेल? कागद-पेन्सिल घ्या आणि लागा कामाला. उत्तर पुढच्या अंकात!