विकलेली मांजर परत घ्यावी

कोसा साडीत धागा खराब निघाला तर आम्ही कापडवाले ती परत घेतो. शरीअतीत गिऱ्हाइकाच्या या हक्काला खियार-ए-ऐब म्हणतात. माल चांगला असूनही पस्तावलेल्या गिऱ्हाइकाचा सौदा मोडून देणे म्हणजे इकाला; हदीसमध्ये त्याचा मोठा सवाब सांगितला आहे. मग भंडारा-तुमसरपर्यंत पोचलेल्या पर्शियन मांजरींच्या धंद्यात हा रिवाज का नसावा?

मांजरीच्या किमतीस मनाई करणारी हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. बहुसंख्य फकीहांनी मात्र विक्री जायज मानली. ती चर्चा उलमांची. आम्ही तिजारतीचे बोलतो.

चपट्या नाकाच्या या मांजरीला श्वासाचा त्रास होतो, डोळे गळतात, केस रोज विंचरावे लागतात. त्यात विदर्भाचा मे महिना! हौस फिटली की मालक तिला मोहल्ल्यात सोडतो. गादीवर वाढलेली ती उकिरड्यावर कशी जगणार? १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने असे विनाकारण सोडणे गुन्हा आहे. २०१८ च्या नियमांनी दुकानाला नोंदणी सक्तीची झाली, ८ आठवड्यांखालचे पिल्लू विकता येत नाही. पैदाशीचे २०१७ चे नियम मात्र कुत्र्यांपुरतेच.

म्हणून पैदास करणाऱ्या भावांनी पावतीवर जन्मतारीख, लस आणि ‘केव्हाही परत घेऊ’ एवढे लिहून द्यावे. परत आलेल्या मांजरीची नसबंदी करून ती दुसऱ्या घरी द्यावी. नागपूरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय काही फार दूर नाही. खर्च जड वाटला तर तो पिल्लाच्या किमतीतच धरावा.