एक खांब तुमचा

मावळकरांनो, एकवीरेच्या दर्शनाला आपण कार्ल्याचा डोंगर चढतो, देवळाला लागून असलेल्या लेण्यात डोकावतो, फोटो काढतो आणि पायऱ्या उतरतो. देशातले सर्वांत मोठे चैत्यगृह ते हेच. त्याच्या खांबांवर ब्राह्मी लिपीत नावे कोरलेली आहेत. ती कोणाची, हे रांगेतल्या गडबडीत विचारायचे राहून जाते. ती नावे आहेत वर्गणीदारांची.

वैजयंतीचा भूतपाल नावाचा श्रेष्ठी त्यांत आहे. असे शैलगृह साऱ्या जंबुद्वीपात नाही, असा अभिमान त्याच्या लेखात आहे. बाहेरचा सिंहस्तंभ महारठी अग्निमित्रणकाने दिला. पण लेणे या बड्या मंडळींच्या पैशावरच उभे राहिलेले नाही. धेनुकाकट गावच्या सिंहदत्ताचा धंदा सुगंधी द्रव्यांचा; त्याने एक दार दिले. त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराचे नाव दुसऱ्या दारापाशी आहे. यवनांनी खांब दिले, सोपाऱ्याहून आलेल्या एका भिक्षूने खांब दिला, एका भिक्षुणीने कठडा दिला. ज्याची जेवढी ऐपत, तेवढे त्याचे दान. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी या घाटवाटेने ये-जा करणाऱ्या माणसांनी मिळून हे काम उभे केले, आणि अत्तरविक्याचे नाव श्रेष्ठीच्या नावाइतक्याच काळजीने दगडात कोरले.

आज हे सांगायचे कारण असे, की मावळातल्या कलासंस्थांची उलट दिशेने वाटचाल सुरू आहे. तळेगावात कलापिनीने पोरांना रंगमंचावर धीटपणे उभे राहायला शिकवले, श्रीरंग कलानिकेतनने शास्त्रीय गाणे ऐकणारे कान घडवले. गोनीदांनी तळेगावात बसून पवनाकाठची आणि राजमाचीची माणसे मराठी वाचकाच्या घरात नेली. पवन मावळ, नाणे मावळ, आंदर मावळ या तिन्ही खोऱ्यांत भजनी मंडळे आहेत, ढोल-लेझमाची पथके आहेत, भारूड म्हणणारे गळे आहेत. माणसांची वाण नाही. पण एखाद्या लहान कलासंस्थेच्या खजिनदाराला वर्षाचा खर्च कसा निघतो ते विचारा. दोघे-तिघे ज्येष्ठ आपल्या निवृत्तिवेतनातून खिंडार बुजवतात. स्मरणिकेच्या जाहिरातींसाठी दुकानोदुकानी फिरावे लागते. एखादा पुढारी सभागृहाचे भाडे भरतो, आणि मग नाटकाचा पडदा उघडण्याआधी तासभर सत्कार चालतात.

दिवस वाईट आले की हीच कमाई सर्वांत आधी आटते. दुकानदाराचा गल्ला घटला की त्याच्या खर्चातून पहिली कात्री लागते ती स्मरणिकेच्या जाहिरातीला. २०२० आणि २०२१ या दोन्ही वर्षी करोनाने गावोगावच्या यात्रा बंद पाडल्या, तेव्हा जुन्नर तालुक्यात, नारायणगावात, तमाशाचे फड सुपारीवाचून बसून राहिले. कलावंतांना दिलेली उचल तशीच अंगावर आणि वर कर्जाचे व्याज. डिसेंबर २०२० मध्ये तळेगावच्या जनरल मोटर्सच्या कारखान्यातले उत्पादन थांबले. पुढे ह्युंदाईने तो कारखाना घेतला खरा, पण मधल्या काळात ज्या घरांचा पगार गेला, त्या घरांत मुलीचा तबल्याचा वर्ग चालू राहिला असेल का? उत्तर आपल्या प्रत्येकाला ठाऊक आहे.

"आधी पोट, मग कला," असे आता कोणी म्हणेल. म्हणणाऱ्याची अडचण खरी आहे, तिला मी कमी लेखत नाही. पण त्याने तळेगावचाच इतिहास एकदा आठवावा. गेल्या शतकाच्या उंबरठ्यावर महाराष्ट्र दुष्काळाने आणि प्लेगने पिळून निघाला होता. त्या दिवसांत अंताजी दामोदर काळे नावाच्या माणसाने एक विचार मांडला: देशी उद्योगासाठी प्रत्येकाने वर्षाला फक्त एक पैसा द्यावा. तेव्हा रुपयाचे ६४ पैसे होत. म्हणजे ६४ माणसांपुढे हात पसरावा तेव्हा कुठे एक रुपया गोळा होणार! काळे गावोगाव हिंडले, लोकमान्य टिळकांनी या फंडाच्या पाठीशी आपले बळ उभे केले, आणि १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. जपान-अमेरिकेत शिकून आलेल्या ईश्वरदास वार्ष्णेय यांनी त्याची तांत्रिक घडी बसवली. त्याच वर्षी टिळकांना मंडालेची शिक्षा झाली. कारखाना थांबला नाही. तिथे काच बनत होती आणि काच बनवणारी माणसेही घडत होती. तळेगावात तयार झालेले कारागीर पुढे बाहेर पडले आणि देशात इतरत्र काचेच्या धंद्याला उपयोगी आले.

पैसा फंडाचे खरे सामर्थ्य कशात होते? ज्याने एक पैसा दिला, त्याला कारखाना आपला वाटू लागला. तो विचारणार, "काय हो, भट्टी पेटली का?" एका धनिकाने सगळी रक्कम एकदम टाकली असती तर भट्टी कदाचित लवकर पेटली असती, पण असे विचारणारी माणसे कुठून आणली असती? कलेच्या बाबतीत तर हे दुप्पट खरे आहे. वर्षाची वर्गणी भरणारी एक हजार घरे ज्या संस्थेपाशी आहेत, तिच्यापाशी एक हजार घरांचा प्रेक्षकही आहे. तिला एखादा दाता सोडून गेला तर ती हळहळेल, पण मोडणार नाही. आणि हिशेब करून पाहा: हजार कुटुंबांनी रोजचा एक रुपया बाजूला ठेवला तर वर्षाला ३,६५,००० रुपये होतात. एवढ्यात एखाद्या लहान संस्थेच्या तालमीच्या जागेचे भाडे, शिक्षकाचे मानधन आणि दिव्यांचे बिल यांची चिंता बरीचशी मिटते.

रंगभूमीने तर देशाला आधी दिले आहे. जुलै १९२१ मध्ये बालगंधर्व आणि केशवराव भोसले या दोघा प्रतिस्पर्ध्यांनी आपापल्या मंडळ्या एकत्र आणून मुंबईत संयुक्त मानापमानाचा प्रयोग केला आणि त्याचे उत्पन्न टिळक स्वराज्य फंडाला गेले. पुढेही पूर असो, भूकंप असो, शाळेची इमारत असो, मदतीचा प्रयोग लावायला नाटकवाले कधी मागे हटले नाहीत. मग नाटकवाल्याच्या दारात अडचण उभी राहिली तर आपण तोंड फिरवायचे? कलावंताला हार-नारळ देऊन "संस्कृतीची सेवा आहे" म्हणून फुकट बोलावणे आता पुरे झाले. ढोलकीवाल्यालाही घरभाडे भरावे लागते.

संस्था चालवणाऱ्यांशीही मला स्पष्ट बोलायचे आहे. मागायला लाजू नका. गणपतीच्या, यात्रेच्या वर्गणीसाठी आपण निःसंकोच दारे ठोठावतो. बालनाट्यासाठी मागताना जीभ का अडखळते? मोबाइलवर एक संदेश पुढे ढकलून निधी उभा राहत नाही. घरी जा, बसा, काय करतो आहोत ते सांगा, आणि नेमका आकडा मागा. पावती द्या. वर्षाअखेरीस जमा-खर्च कपाटात न ठेवता सभागृहाच्या दारावर लावा, पैसा कुठे गेला हे निरक्षर आजीलाही समजेल अशा शब्दांत सांगा. धर्मादाय आयुक्तांकडचे हिशेब वेळेवर दाखल करा, बारा-अ आणि ऐंशी-जी या नोंदण्या करून घ्या. ऐंशी-जीची सवलत जुन्या करप्रणालीतल्या दात्यांनाच मिळते, हेही त्यांना आधीच प्रामाणिकपणे सांगून टाका. या नोंदण्यांची दुसरी गरज कंपन्यांच्या निधीसाठी आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या नफ्याच्या कंपन्यांवर सरासरी नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करण्याचे बंधन घातले आहे. त्या कामांच्या यादीत कला, वारसा आणि सार्वजनिक ग्रंथालये स्पष्ट शब्दांत आहेत, आणि कंपनी जिथे काम करते त्या परिसराला प्राधान्य द्यावे असेही कायदा म्हणतो. तळेगाव, नवलाख उंब्रे, उर्से इथले कारखाने मावळच्या जमिनीवर आणि मावळच्या पाण्यावर उभे आहेत. त्यांच्या दारात आपण भिकेसाठी जात नाही. आपले कागद पक्के करून, ताठ मानेने जाऊ या.

लोणावळेकरांनो, तुमच्याकडे तर दर शनिवार-रविवारी अर्धी मुंबई आणि पुणे लोटते. पाहुणा चिक्की घेतो, भुशी धरणावर भिजतो आणि मावळचे एक गाणेही न ऐकता परत जातो. जुलै २०२५ मध्ये मराठा लष्करी भूप्रदेशांतर्गत लोहगडाची जागतिक वारसा यादीत नोंद झाली. आता पाहुण्यांची गर्दी आणखी वाढेल. हॉटेलवाल्यांनी, बंगलेवाल्यांनी महिन्यातून एक संध्याकाळ पवन मावळच्या भजनी मंडळाला, शाहिराला, लेझीम पथकाला द्यावी, आणि ठरलेले पैसे त्याच दिवशी हातात ठेवावेत. भाज्याच्या लेण्यात एक बाई वाद्य वाजवते आहे आणि दुसरी तिच्या तालावर नाचते आहे. इतकी जुनी संगीताची साक्ष ज्या डोंगरात आहे, त्याच्या पायथ्याशी नुसता भाड्याच्या स्पीकरचा दणदणाट ऐकू यावा, हे मला सहन होत नाही.

यात्रा कमिट्यांनाही माझी हात जोडून विनंती आहे. बैलगाडा शर्यत करा, आपली हौस भागवा. पण डीजेवर जाणाऱ्या रकमेतला दहावा हिस्सा तोडा आणि त्यातून गावातल्या दोन पोरांना पखवाज आणि ढोलकी शिकवायला गुरुजी लावा. पाचव्या वर्षी तुमच्याच गावची पोरे तुमच्या पालखीपुढे वाजवतील.

गुढीपाडव्याला सुरुवात करू. वडगावच्या बाजारपेठेत, तळेगाव स्टेशनच्या सोसायट्यांत, कामशेतच्या आठवडे बाजारात, लोणावळ्याच्या वाड्या-बंगल्यांत पावतीपुस्तक घेऊन जोडीजोडीने निघायचे. प्रत्येक जोडीत एक म्हातारा आणि एक कॉलेजातला पोरगा किंवा पोरगी असावी. रिक्षावाल्याकडून दहा रुपये मिळाले तरी पावतीवर त्याचे पूर्ण नाव लिहायचे. पुढच्या पाडव्याला ती सगळी नावे, हजार असोत की दहा हजार, देणाऱ्यांच्या समोर रंगमंचावरून मोठ्याने वाचून दाखवायची. वेळ लागला तर लागू द्या. सगळी नावे वाचून झाल्याशिवाय तिसरी घंटा द्यायची नाही.