सामाईक दप्तर आणि अधिकार

गेल्या चातुर्मासांत आमच्या घरीं एक लहानशी दुर्घटना घडली. तिच्यापासून मी जें शिकलों, तें एकत्र कुटुंबांतील वाचकांच्या उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें नमूद करितों.

आमच्या घरांतील चार संगणक नेटवर्कनें एकमेकांस जोडलेले आहेत. माझ्या संगणकावर सर्वांसाठीं एक सामाईक फोल्डर आहे. घरपट्टीच्या पावत्या, मुलांचीं प्रमाणपत्रें आणि कैलासवासी वडीलबंधूंच्या पत्रांच्या मीं दोन वर्षें खपून केलेल्या नकला त्यांत होत्या. ‘आपलींच माणसें, आडपडदा कशाला?’ असें म्हणून मीं सर्वांस पूर्ण अधिकार देऊन ठेविला होता. एके दिवशीं धाकट्या नातवानें जागा मोकळी करण्याच्या सद्हेतूनें आपल्या संगणकावरून पत्रांचें फोल्डर पुसून टाकलें. तें केराच्या टोपलींत सांपडेल असा माझा समज. परंतु विंडोजमध्यें नेटवर्कवरून पुसलेली फाइल सहसा त्या टोपलींत पडतच नाहीं. निम्म्या नकला पुतण्याच्या पेनड्राइव्हवर मिळाल्या. उरलेल्या मी पुनः लिहीत आहें.

पुतण्यानें मग मला सर्व समजाविलें. विंडोजच्या अशा फोल्डरास दोन दारें असतात. बाहेरचें दार नेटवर्कवरून येणारासाठीं, आंतलें खुद्द फोल्डराचें. नेटवर्कवरून येणारास दोन्ही ओलांडावीं लागतात व त्यांतील जें अधिक कडक तेंच चालतें. त्याच संगणकापुढें बसणारास मात्र आंतलें एकच दार आडवें येतें. म्हणून केवळ बाहेरच्या दारावर विसंबूं नये. शिवाय वाचणें, नवें ठेवणें आणि पुसणें हे अधिकार निरनिराळे देतां येतात. ते व्यक्तीपरत्वें न देतां ‘मोठीं माणसें’, ‘मुलें’ असे गट करून द्यावे. स्पष्ट मनाई जपून वापरावी. आपण स्वतः त्या गटांत असलों, तर आपणांसही दार बंद!

ज्याला जेवढ्याचें काम तेवढाच अधिकार द्यावा, हें तत्त्व साल्ट्झर व श्रोडर या विद्वानांनीं १९७५ सालीं मांडून ठेविलें आहे. आमच्या मीमांसाशास्त्रांतही ‘अधिकार’ म्हणजे सत्ता नव्हे. अमुक कर्म करण्याची पात्रता, असाच त्याचा अर्थ आहे.

आतां पत्रें सर्वांस वाचतां येतात, पुसतां येत नाहींत. आणि एक प्रत निराळ्या डिस्कवर कपाटांत असते. नातवानें हिरमुसून विचारलें, “आजोबा, माझ्यावर विश्वास नाहीं का?” मीं त्याला माझें रोजचें खातें उघडून दाखविलें. त्यालाही पत्रें केवळ वाचतांच येतात.