तिसरे मूल आणि आठवीचा वर्ग

कोलशेत रोडवर टॉवर वाढले, नळाचे पाणी कमी पडले की बोट मुस्लिम मोहल्ल्याकडे वळते. २०११च्या जनगणनेत ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांसह देशात पहिला ठरला. त्यात पोटापाण्यासाठी आलेली माणसे किती, हे कुणी विचारत नाही.

कायदा करा, म्हणतात. महाराष्ट्राने केला होता. १९७६ साली सक्तीच्या नसबंदीचे विधेयक विधिमंडळात संमत झाले. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून सुटलो. पुढे सप्टेंबर २००१नंतर तिसरे मूल झालेल्यांना पंचायत-पालिकेची निवडणूक बंद झाली. आमदार-खासदारांना मात्र ही अट नाही! वॉर्ड महिलांसाठी राखीव. पण मुले किती, हे घरात ठरवणार नवरा आणि सासू. अपात्र ठरणार ती.

आपल्या मौलवीसाहेबांनाही एक सवाल. २००३च्या जावेद विरुद्ध हरियाणा खटल्यात या अटीविरुद्ध मजहबचा आधार घेतला गेला. सर्वोच्च न्यायालयात तो टिकला नाही. इमाम गझालींनी अज़्ल जायज मानले, मग संततिनियमन हराम कसे?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत मुस्लिम स्त्रीमागे १९९२-९३ साली ४.४ मुले होती, २०१९-२१मध्ये २.४. देशभर कोणती सक्ती होती? त्याच पाहणीत शाळा न पाहिलेल्या स्त्रीमागे २.८ मुले आहेत, बारावी शिकलेल्या स्त्रीमागे १.८. आमच्या कितीतरी उर्दू शाळा सातवीला संपतात आणि मुलगी घरी बसते. सरकारला लोकसंख्येची एवढी फिकीर असेल तर तिथे आधी आठवीचा वर्ग उघडावा.