रांगेतला उमेदवार

"शिकाले धाडलं का पुढारी व्हाले?"

फोनवर बाबांचा पहिला प्रश्न हाच होता. आमच्या कॉलेजातल्या सुपरकॉम्प्युटिंग वापरकर्ता गटाच्या अध्यक्षपदासाठी मी अर्ज भरलाय, एवढंच मी त्यांना सांगितलं होतं. ढाणकीत निवडणूक म्हणजे नगरपंचायत, सोसायटी, नाहीतर बाजार समिती. कॉम्प्युटरची निवडणूक ही काय भानगड, हे त्यांना कळेना. खरं सांगायचं तर आमच्या होस्टेलमध्येही बऱ्याच जणांना कळत नाही. "त्यात काय मिळतं रे?" असं विचारणारेच जास्त. म्हणून हा लेखप्रपंच!

आधी एक गोष्ट कबूल करतो. आमच्या लॅबमधल्या त्या कपाटाएवढ्या क्लस्टरला सुपरकॉम्प्युटर म्हणणं म्हणजे गावच्या तळ्याला समुद्र म्हणण्यासारखं आहे. पण तत्त्व तेच. एक मोठं गणित फोडायचं, अनेक प्रोसेसरवर वाटायचं आणि उत्तरं पुन्हा एकत्र करायची. याच तत्त्वावर पुण्याच्या सी-डॅकने १९९१ साली 'परम ८०००' उभा केला. अमेरिकेने क्रे कंपनीचं बलाढ्य यंत्र द्यायला आडकाठी केली, तेव्हा १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. त्या कामाचं नेतृत्व करणारे डॉ. विजय भटकर हे अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे, म्हणजे आपल्या वऱ्हाडातलेच! पुढे २००७ च्या नोव्हेंबरमध्ये पुण्याचाच 'एका' जगात चौथ्या क्रमांकावर गेला. २०१५ साली साडेचार हजार कोटींचं राष्ट्रीय सुपरकॉम्प्युटिंग मिशन मंजूर झालं आणि २०२४ च्या सप्टेंबरमध्ये पुणे, दिल्ली आणि कोलकाता इथे 'परम रुद्र' सुरू झाले.

अभिमान वाटावा असंच हे सगळं आहे. पण मित्रांनो, यंत्र आलं, फीत कापली, फोटो निघाले म्हणजे काम झालं का? यंत्र वापरतो कोण, आणि आधी कोणाचा नंबर लागतो, हा प्रश्न त्यानंतर सुरू होतो.

माझंच सांगतो. मी मेकॅनिकलचा. प्रोजेक्टमध्ये पंख्याच्या पात्यावरून हवा कशी वाहते याचं गणित करायचं होतं. सबमिशनला आठ दिवस उरलेले. जॉब टाकला. एक दिवस गेला, दोन गेले, चौथ्या दिवशीही स्क्रीनवर तेच... 'पेंडिंग'. आपल्याला मुद्दाम मागे ठेवलंय, अशी माझी खात्रीच झाली होती. पाचव्या दिवशी चहाच्या टपरीवर एका सीनिअरने माझी स्क्रिप्ट पाहिली आणि कपाळावर हात मारला. "अरे, तीन तासांच्या कामाला बहात्तर तास कशाला मागितलेस?"

मागितले, कारण भीती. मागितलेला वेळ संपला की यंत्र काम मध्येच तोडतं, हे ऐकलं होतं. मग मागा जास्तीत जास्त! पण रांग लावणारं सॉफ्टवेअर कसं चालतं, ते कोणी सांगितलंच नव्हतं. एखाद्या मोठ्या कामासाठी पुरेसे प्रोसेसर मोकळे व्हायला वेळ लागतो, तोवर काही प्रोसेसर रिकामे बसतात. त्या फटीत बसेल असं छोटं काम सॉफ्टवेअर मधेच घुसवतं, मात्र मोठ्या कामाला उशीर न होता ते संपणार असेल तरच. तीन तास लिहिले असते तर मी त्या फटीत बसलो असतो. बहात्तर लिहिले, म्हणून दाराबाहेर! आकडा बदलला आणि त्याच रात्री काम झालं.

आनंद व्हायला हवा होता, झाला राग. ही एक ओळ चार-पाच सीनिअर्सना ठाऊक होती, बाकी सगळे चार-चार दिवस यंत्राला शिव्या देत होते.

मला आमच्याकडची कापसाची रांग आठवली. खरेदी सुरू झाली की केंद्राबाहेर गाड्या लागतात. काटा सगळ्यांना एकच असतो. पण आज किती गाड्या घेणार, कागद कोणता लागणार, ओलावा किती चालणार, हे ज्याला आधी कळतं त्याची गाडी संध्याकाळी रिकामी होऊन घरी जाते. बाकीचे रात्रभर गाडीखाली झोपतात. काट्यात खोट नसते, खोट असते खबर कोणाला मिळते त्यात. आमच्या क्लस्टरचंही तेच!

वापरकर्त्यांचा गट हवा तो यासाठी. ही काही माझ्या डोक्यातली टूम नाही. १९५५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरात आयबीएमची यंत्रं वापरणारे एकत्र आले आणि 'शेअर' नावाची संघटना सुरू झाली. एकच प्रोग्रॅम प्रत्येकाने नव्याने कशाला लिहायचा, आपापसात वाटून घेऊ, हा विचार. आणि कंपनीकडे काही मागायचं तर एकत्र मागू, हाही.

आता समोरच्या गटाचं म्हणणं. "सर्वांत मोठे जॉब जो चालवतो, त्यालाच सगळ्यात जास्त कळतं. त्यालाच अध्यक्ष करा." मुद्दा अगदीच चुकीचा नाही. माझ्यापेक्षा त्यांना नक्कीच जास्त येतं. पहिल्या वर्षी मी लॉगिन नोडवरच अख्खं गणित चालवून सगळ्यांचं काम ठप्प केलं होतं, हेही इथे सांगून टाकतो. पण सर्वांत मोठा वापरकर्ता आणि रांगेचे नियम सुचवणारा एकच माणूस असावा का? ज्याने अलीकडे जास्त वापर केला त्याचा नंबर थोडा मागे, ही सोय सॉफ्टवेअरमध्ये असते. ती किती कडक ठेवायची, हे माणसं ठरवतात. स्वतःचाच नंबर मागे जाणार असेल तर तो हात आखडता घेणार नाही कशावरून? तज्ज्ञ सल्लागार असावेत, जरूर असावेत. अध्यक्ष मात्र रांगेत उभं राहिलेला हवा.

निवडून आलो तर तीनच गोष्टी करेन. एक, कोणत्या विभागाने किती तास वापरले याचा हिशेब दर महिन्याला लॅबच्या दारावर. दोन, नवीन खातं मिळताच दोन तासांचं शिकवणं आणि मराठीत चार पानांची टिपणं. मराठीतून शिकून आलेला मुलगा इंग्रजी मॅन्युअल वाचू शकत नाही असं नाही, पण भीतीने प्रश्न विचारत नाही, हे मी स्वतःवरून सांगतो. तीन, सबमिशनच्या महिन्यात छोट्या कामांसाठी थोडे प्रोसेसर राखीव.

बाबांना मी कापसाच्या रांगेचंच उदाहरण दिलं. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "मंग आपला नंबर पयले नको लावू म्हंजे झालं."

हा अंक तुमच्या हातात पडेल तोवर निकाल लागलेला असेल. जिंकलो असेन तर बाबांचं हे वाक्य मला अधूनमधून ऐकवा. पडलो असेन तर नव्या अध्यक्षांना विचारा, की हिशेब दारावर कधी लागणार?