पाण्यांतला प्राणवायु

शेगडीवर पाण्याचें पातेलें ठेवलें म्हणजे उकळी फुटण्याच्या पुष्कळ आधीं तळाशीं आणि कडांना बारीक बुडबुडे धरूं लागतात. वाफ होण्यास तर अद्याप अवकाश असतो. मग हे बुडबुडे कशाचे? ते पाण्यांत विरघळलेल्या हवेचे. थंड पाणी हवा धरून ठेवतें. तापलें कीं सोडून देतें. उकळून निवविलेलें पाणी बेचव लागतें, त्याचें एक कारण हेंच. ह्या विरघळलेल्या हवेंतील प्राणवायूवर मासे, खेकडे, कोळंबी आणि पाण्यांतील असंख्य बारीक जीव जगतात.

हा सांठा मात्र फार तुटपुंजा असतो. एक लिटर हवेंत सुमारें २७० मिलिग्रॅम प्राणवायु असतो. उलट ३० अंश सेंटिग्रेड तपमानाच्या एक लिटर गोड्या पाण्यांत हवेंतून जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मुरतो, आणि समुद्राच्या खाऱ्या पाण्यांत तर सहाच्या आसपासच. हिमालयांतील बर्फगार ओढ्यास ही संपत्ति जवळजवळ दुप्पट लाभते. आपल्या कोंकणपट्टीच्या उबदार, खारट खाड्या मुळांतच गरीब. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मापाप्रमाणें स्नानास योग्य अशा नदीच्या पाण्यांत लिटरमागें निदान ५ मिलिग्रॅम, आणि मत्स्यजीवनासाठीं निदान ४ मिलिग्रॅम प्राणवायु हवा. साडेसात आणि चार यांमध्यें अंतर तें किती!

आतां हा सांठा सरतो कसा, तें पाहूं. पाणी विषानेंच बिघडतें अशी आपली समजूत असते. कारखान्यांच्या रसायनांनीं तें बिघडतें, हें खरेंच. परंतु पुष्कळदां नदी मरते ती विषानें नव्हे, अन्नानें. भाताची पेज, तुपकट खरकटें, मैला, निर्माल्य हें सारें पाण्यांतील सूक्ष्म जंतूंचें खाद्य होय. आणि तें खातांना जंतु आपल्याप्रमाणेंच प्राणवायु वापरतात. एक लिटर दूध पाण्यांत ओतलें तर त्याच्या विघटनास सुमारें १०० ग्रॅम प्राणवायु लागतो. म्हणजे तेरा हजार लिटर पाण्यांतील सगळा सांठा! भक्तिभावानें नदीस वाहिलेल्या दुधाचा हा हिशेब आहे. दूध पवित्र नाहीं असें नव्हे. जंतूंस पावित्र्य कळत नाहीं, इतकेंच.

पाण्याची ही भूक मोजतां येते. लाजोस विंक्लर ह्या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञानें १८८८ सालीं मँगनीज आणि आयोडिन यांच्या साह्यानें विरघळलेला प्राणवायु मोजण्याची रीत शोधून काढली. ती आजही वापरली जाते. पुढें सांडपाण्याच्या प्रश्नासाठीं नेमलेल्या ब्रिटिश रॉयल कमिशननें १९१२ सालच्या अहवालांत, नमुना पांच दिवस ठेवून त्यांतील प्राणवायु किती घटतो तें पाहण्याचा दंडक घातला. आपल्या उष्ण देशांत तीच परीक्षा २७ अंशांवर तीन दिवसांत करतात.

हें माप नालासोपाऱ्यास लावून पाहण्याजोगें आहे. हें गांव कांहीं कालचें नव्हे. महाभारतांत उल्लेखिलेलें परशुरामाचें शूर्पारक तें हेंच. ग्रीक नाविकांच्या वृत्तांतांतही ह्या बंदराचें नांव येतें. १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं येथील बुरूड राजाच्या कोटांतील स्तूप उकरला, आणि अशोकाच्या शिलालेखाचा तुकडाही येथेंच मिळाला. ही सारी वैभवकथा घडली ती पाण्याच्या आधारानें. उत्तरेस वैतरणा, दक्षिणेस उल्हास नदीस पोटांत घेणारी वसईची खाडी, आणि मध्यें भरती-ओहोटीचें पाणी आंत आणणारे लहान फांटे, अशी ह्या प्रदेशाची रचना आहे.

आज पिण्याचें पाणी सूर्या नदीच्या धरणांतून आणि पेल्हार, उसगांव येथील धरणांतून नळानें घरांत येतें. तें वापरल्यावर कोठें जातें, हा प्रश्न मात्र थोड्यांनाच सुचतो. २०११ च्या शिरगणतींत वसई-विरार शहराची वस्ती बारा लक्षांवर गेली होती, आणि नंतर ती वाढतच गेली आहे. माणशीं रोजच्या सांडपाण्याची प्राणवायूची भूक ४० ग्रॅम धरली, तरी बारा लक्षांची भूक ४८ टन होते. येथील सांडपाण्याचा बहुतांश भाग शुद्धीकरणाविना नाल्यांवाटे खाडीसच मिळत आलेला आहे; आणि वसईच्या खाडींत येणारी उल्हास तर कल्याण-उल्हासनगर-अंबरनाथ पट्ट्याचा भार आधींच घेऊन येते.

निसर्ग ह्यावर उपाय करीत नाहीं असें नाहीं. वाहतें पाणी खडकांवर आपटतें, लाटा हवा घुसळून घेतात, आणि भरती दिवसांतून दोनदां ताजें पाणी आणते. १९२५ सालीं स्ट्रीटर व फेल्प्स ह्या दोघां अमेरिकन संशोधकांनीं ओहायो नदीच्या अभ्यासावरून दाखवून दिलें कीं, मैला मिळालेल्या ठिकाणापासून कांहीं अंतरापर्यंत प्राणवायु घटत जातो, आणि पुढें नदी तो हवेंतून हळूहळू परत मिळविते. परंतु एका शहराखालीं सांवरण्याआधींच दुसऱ्याचा मैला मिळाला, तर बिचारीनें सांवरावें केव्हां? नाल्याचें साचलेलें पाणी तर सांवरतच नाहीं. प्राणवायु संपला म्हणजे त्यावांचून जगणारे दुसरे जंतु तेथें राज्य करूं लागतात. ते हायड्रोजन सल्फाइड नांवाचा, सडक्या अंड्याच्या वासाचा वायु सोडतात. चिखल काळा पडतो तो ह्यामुळेंच. आणि अशा नाल्याकांठच्या घरांत देवघरांतील चांदीचीं उपकरणीं घांसून ठेवलीं तरी लौकर काळवंडतात, तीही ह्याच वायूनें. चिखलांत उड्या मारणारी निवटी बाहेरच्या हवेंत त्वचेवाटे श्वास घेऊन तगून राहते. इतर मासे खाडी सोडतात किंवा मरतात, आणि त्यांवर पोट असलेल्या कोळ्याचें जाळें रिकामें येतें.

तळ्यांची गोष्ट निराळी नाहीं. सोपाऱ्याचें चक्रेश्वर तळें घ्या किंवा जवळच्या निर्मळ गांवचें तळें घ्या. साचल्या पाण्यास प्रवाहाचा आधार नसतो. शेवाळ दिवसां उन्हांत प्राणवायु देतें, पण रात्रीं स्वतःच तो वापरतें. म्हणून कोणत्याही तळ्याचें आरोग्य पाहावयाचें तर पहाटे पाहावें. मासे पृष्ठभागाशीं येऊन तोंड उघडझांप करीत असतील, तर तें कौतुक नव्हे. तो गुदमरलेल्या जीवांचा आकांत आहे.

तथापि निराश होण्याचें कारण नाहीं. लंडनच्या टेम्स नदीच्या दुर्गंधीनें १८५८ सालीं पार्लमेंटचें कामकाज कठीण करून सोडलें होतें. १९५७ सालीं तज्ज्ञांनीं ती मृतवत् ठरविली होती. शहरानें मैला शुद्ध करूनच नदींत सोडण्याची चोख व्यवस्था केल्यावर १९७४ सालीं तिच्यांत पुन्हा सामन मासा सांपडला. नदीस औषध नको असतें. तिला नको तें द्यावयाचें थांबविलें, कीं बाकीचें काम वारा, लाटा आणि भरती करतात.

आपल्या स्वाधीन काय आहे? खरकटीं ताटें मोरींत नेण्यापूर्वीं निपटून तें अन्न झाडांच्या आळ्यांत किंवा खताच्या खड्ड्यांत घालावें. निर्माल्याचेंही तसेंच करावें. तळलेलें तेल मोरींत ओतूं नये. ह्यानें शहराचें सारें ओझें उतरणार नाहीं हें उघड आहे. मैल्याचें शुद्धीकरण महापालिकेनेंच केलें पाहिजे. म्हणून दुसरें काम अधिक महत्त्वाचें : आपल्या इमारतीचें सांडपाणी नेमकें कोठें जातें, आणि खाडीच्या पाण्यांत लिटरमागें प्राणवायु किती उरला आहे, हे दोन प्रश्न सोसायटीच्या सभेंत आणि नगरसेवकाजवळ विचारावेत, व उत्तर मिळेपर्यंत विचारीत राहावें. स्नानाच्या वेळीं आपण सात नद्यांस बादलींत येण्याचें आवाहन करतों. ती बादली रिती झाल्यावर त्यांचें पुढें काय होतें, हें पाहणें त्याच आचाराचा भाग समजला पाहिजे.