मे-जूनच्या उन्हात आई-बाबांना लाल खडकांत उतरवू नका

कुरुंदा, वसमत आणि आसपासच्या गावांतून ज्यांची लेकरं अमेरिकेत नोकरीला आहेत, त्या सगळ्यांना आणि तिकडे असलेल्या त्या लेकरांनाही ही विनंती आहे. घाई एवढ्यासाठी की बॅगा भरायला लागल्या आहेत. मे, जून, जुलैत ॲरिझोना, युटा, नेवाडा या भागातल्या लाल खडकांच्या वाळवंटात आई-वडिलांना घेऊन पायी हिंडायचा बेत ठरला असेल, तर तो आजच बदला. जाऊच नका असं म्हणणं नाही. महिना बदला, तो जमत नसेल तर दिवसाची वेळ बदला, आणि काही झालं तरी उन्हाळ्यात दरीत खाली उतरू नका.

हा बेत नेमका उन्हाळ्यातच का पडतो? व्हिजिटर व्हिसावर गेलेल्याला तिथे साधारण सहा महिने राहता येतं. तिकडचा बर्फ आई-वडिलांना सोसणार नाही म्हणून मुलं त्यांना एप्रिल-मेमध्ये बोलावतात आणि दिवाळीच्या आत परत पाठवतात. मुलांना जोडून सुट्ट्या मिळतात त्या मेच्या शेवटच्या सोमवारी, 4 जुलैला आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी. म्हणजे आई-बाबाही तिथे आणि मुलालाही सुट्टी, असे दिवस जुळतात ते सगळे वाळवंट तापलेलं असतानाचे. त्यात कोणाचा हलगर्जीपणा नाही, पण ठरवून मोडल्याशिवाय हा योग मोडत नाही.

आपली शेतकरी माणसं तर आणखी अडकलेली. ऑक्टोबरात जा म्हणावं तर सोयाबीनची काढणी आणि हरभऱ्याची पेरणी डोक्यावर. फेब्रुवारी-मार्चात हळद. ती निघाली, शिजली, वाळली, वसमतच्या किंवा हिंगोलीच्या बाजारात गेली की मग वडील मोकळे. तोवर मे उजाडतो. हे सगळं मान्य करूनच लिहितो आहे, नुसतं ‘हिवाळ्यात जा’ सांगणं सोपं आहे.

‘आम्हाला उन्हाचं काय सांगता, आमचा जन्म उन्हात गेला,’ हे वाक्य निघायच्या आधी घरोघर ऐकू येतं, आणि भीती त्याचीच जास्त वाटते. आपण उन्हात राहतो हे खरं, पण राहतो कसे ते आठवा. हळद काढायला माणसं तांबडं फुटायच्या आत वावरात पोचतात. ऊन चढलं की बांधावरच्या लिंबाखाली येतात. पाण्याची घागर ओल्या पोत्यात गुंडाळून सावलीला ठेवलेली असते, डोक्याला रुमाल नाहीतर पदर असतोच, आणि वैशाखात बारा ते चार जनावरंसुद्धा आखाड्यावर बांधलेली असतात. या रीतीनं आपल्याला जगवलं, कातडीच्या जाडीनं नाही. विमानात बसताना ही रीत मात्र इथेच राहते. तिकडे हॉटेलात नऊला नाश्ता, दहाला गाडी, अकराला पायवाटेच्या तोंडाशी. बाबांच्या पायात कालच घेतलेले बूट, आईच्या हातात अर्ध्या लिटरची बाटली, आणि तीही चौघांत मिळून.

तापमानाचा आकडा आपल्याला नवा नाही. फिनिक्स शहरात 2023 च्या जूनअखेरीपासून जुलैअखेरीपर्यंत सलग 31 दिवस पारा 43 अंशांच्या वर गेला होता, आणि 43 आपणही बघतो. फरक हवेत आहे. तिथली हवा इतकी कोरडी की घाम अंगावर दिसतच नाही, फुटला की उडून जातो. आपल्याला घाम येत नाही असं वाटत राहतं आणि अंगातलं पाणी जात राहतं. तहान लागेपर्यंत उशीर झालेला असतो. त्यात मैलोन्‌मैल सावली नाही, नळ नाही, फोनला रेंज नाही, आणि दिवसभर तापलेला खडक खालूनही भाजतो. फिनिक्समधल्या कॅमलबॅक आणि पिएस्टेवा या डोंगरांच्या वाटा तर अतिउष्णतेचा इशारा असला की पालिकाच भर दिवसाच्या तासांत बंद करते. नेवाडातल्या व्हॅली ऑफ फायरमधल्याही काही पायवाटा उन्हाळ्यात बंद असतात.

ग्रँड कॅन्यनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेकांच्या यादीत ते पहिलं असतं. आपल्या टोकाई गडावर जाताना आधी चढ लागतो. दम लागला, पाय दुखले, तर तिथूनच माघारी वळायचं, उतार आपल्याला घरी आणतो. ग्रँड कॅन्यनला सगळं उलटं आहे. दक्षिण कठडा समुद्रसपाटीपासून सुमारे 2,100 मीटरवर आहे आणि कोलोरॅडो नदी त्याच्या साधारण 1,400 मीटर खाली वाहते. कठड्यावर जूनच्या सकाळी गार वारा असतो, स्वेटर घालावासा वाटतो. ब्राइट एंजल नावाच्या वाटेनं खाली निघालं की तास-दोन तास कसे गेले कळत नाही, कारण उतार आहे, पाय हलके आहेत, फोटो निघत आहेत. प्रत्येक वळणाला हवा तापत जाते. तळाशी सावलीतही पारा चाळिशीच्या पुढे असतो आणि फार तापलेल्या दिवशी 49 अंशांपर्यंत जातो. आणि पाय दमले, पाणी संपत आलं, ऊन माथ्यावर आलं, की त्याच वेळी चढ सुरू होतो. उतरायला जेवढा वेळ लागला त्याच्या दुप्पट चढायला धरा, असं तिथलं राष्ट्रीय उद्यानाचं खातंच सांगतं. उन्हाळ्यात सकाळी 10 ते दुपारी 4 या वेळात दरीच्या आत चालू नका आणि नदीपर्यंत जाऊन त्याच दिवशी परत यायचा बेत करू नका, हेही तेच बजावतं. तरी दरवर्षी शेकडो माणसांना तिथून सोडवून आणावं लागतं, आणि त्यात धडधाकट तरुण कमी नसतात. बासष्ट वर्षांच्या, रक्तदाबाची गोळी चालू असलेल्या माणसाचं तिथे काय काम?

वाट चुकणं हा वेगळा धोका. युटातल्या कॅन्यनलँड्समध्ये जुलै 2024 मध्ये एक बाप आणि त्याची तरुण मुलगी फिरायला गेले. वाट चुकली, जवळचं पाणी संपलं. त्यांनी 911 या तिथल्या आणीबाणीच्या क्रमांकावर कळवलं, शोध सुरू झाला, पण पथक पोचेपर्यंत दोघंही गेलेले होते. उघड्या खडकावर पायवाट उमटत नाही, खुणेसाठी रचलेल्या दगडांच्या लहान ढिगाऱ्यांवर नजर ठेवत चालावं लागतं. सवय नसलेल्याला सगळा खडक सारखाच दिसतो.

जुलै ते सप्टेंबरात पावसाची भीती असते. वाळवंटात पूर कसला, असं म्हणू नका. आपल्या कुरुंद्यात जुलै 2022 मध्ये घराघरांत पाणी शिरलं ते आपण पाहिलं आहे. तिथे तर डोक्यावर निळं आभाळ असताना मैलोगणती लांब पडलेल्या पावसाचं पाणी अरुंद घळीत भिंतीसारखं येतं. अँटिलोप कॅन्यनमध्ये 12 ऑगस्ट 1997 रोजी असेच 11 जण वाहून गेले, युटातल्या झायनमधल्या एका घळीत 14 सप्टेंबर 2015 रोजी 7 जण. अँटिलोप कॅन्यन नवाहो लोकांच्या जमिनीवर आहे आणि त्यांच्या वाटाड्याशिवाय आत जाता येत नाही. तो ‘आज नाही’ म्हणाला तर भरलेल्या पैशांसाठी हुज्जत घालू नका.

मग करायचं काय? नोकरीतून निवृत्त झालेल्यांनी, ज्यांच्यामागे वावर नाही त्यांनी, तिकीट पुढे ढकलावं. दिवाळी लेकराकडे करावी आणि ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात लाल खडक बघावेत. ऊन मवाळ असतं. ज्यांना उन्हाळाच मिळतो त्यांनी युटातलं ब्राइस कॅन्यन निवडावं. त्याचा कठडा 2,400 मीटरच्या वर आहे, त्यामुळे हवा थंड, आणि वरची सनराइज ते सनसेट पॉइंटमधली वाट सपाट, डांबरी आहे. उंचीमुळे धाप लागू शकते, म्हणून हळू चाला, एवढंच. ग्रँड कॅन्यनला जायचंच असेल तर पहाटे उठा, कठड्यावरून सूर्योदय बघा, दक्षिण कठड्याच्या फुकट बसनं एकेक ठिकाण करा, दहाच्या आत खोलीवर या आणि संध्याकाळी पुन्हा निघा. खरं सांगायचं तर दरीचं रूप वरूनच दिसतं, खाली गेलेल्याला नुसती भिंत दिसते. आणि लाल दगडाचीच ओढ असेल तर डिसेंबरात बदामी काय वाईट आहे? चालुक्यांनी सहाव्या शतकात त्या तांबड्या दगडात लेणी कोरली आणि तिथे जायला व्हिसाही लागत नाही.

सकाळचं थोडं चालणं ठरलंच, तर चालण्याच्या दर तासाला माणशी अर्धा ते एक लिटर पाणी धरा, आणि ते प्रत्येकाच्या स्वतःच्या पाठीवर. नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ उतरतं, त्यानंही माणूस कोसळतो. म्हणून सोबत खारे शेंगदाणे, धपाटे, ओआरएसची पाकिटं ठेवा. बॅगेत चटणी-लोणच्याला जागा होते, तर या पाकिटांना का नाही? लघवी जास्त करणारी रक्तदाबाची गोळी किंवा साखरेचं औषध चालू असेल तर निघण्याआधी इथल्याच डॉक्टरला विचारा आणि प्रवास विम्यातलं आधीच्या आजारांचं कलम मुलाकडून वाचून घ्या. चालताना कोणी असंबद्ध बोलू लागलं, झोक जाऊ लागला, तर ‘बसा थोडं, बरं वाटेल’ म्हणून थांबू नका. सावली करा, कपडे ओले करा, वारा घाला आणि 911 लावा. फोन लागत नसेल तर त्याच क्रमांकावर मजकूर पाठवा, कधी कधी तो जातो.

मुलांना एक वेगळं सांगायचं आहे. आई-बाबा ‘नको’ म्हणणार नाहीत. लेकानं रजा टाकली, सूनबाईनं खोल्या घेतल्या, इतका खर्च केला, मग पाय दुखतात हे कोण सांगणार? ‘तुम्हाला झेपेल ना?’ या प्रश्नाला त्यांचं उत्तर ठरलेलं आहे, म्हणून तो विचारूच नका. निर्णय तुम्हीच घ्या आणि तो हॉटेल घेण्याआधी घ्या.

ज्यांचं बुकिंग झालं आहे त्यांनी आज रात्रीच्या व्हिडिओ कॉलवर तारखा, पायवाटेचं नाव, ती किती लांब आहे आणि किती वाजता निघायचं, एवढं विचारून घ्या. वाट खाली उतरणारी असेल किंवा निघायची वेळ सकाळी सातनंतरची असेल तर तिथल्या तिथे बदलायला लावा. पुष्कळ हॉटेलं ठरावीक दिवसापर्यंतच पैसे परत करतात. तो दिवस कोणता, हेही त्याच कॉलवर विचारा.

— एक ग्रामस्थ, कुरुंदा, ता. वसमत, जि. हिंगोली